मामांच्या सोनोग्राफीत ‘अपेंडिक्सचं म्युकोसील’ निघालंय. आता सीटी आधी की ऑपरेशन आधी?

सावद्याचा_भाचा

राम राम मंडळी. विषय घरचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मामा, वय ५६, रावेर तालुक्यात केळीची शेती. खोकलं की उजव्या जांघेत फुगवटा येतो, हर्निया असणार म्हणून सर्जनकडे नेलं. त्यांनी ऑपरेशनआधी पोटाची सोनोग्राफी करून आणायला सांगितली. हर्निया निघालाच, पण रिपोर्टच्या खालच्या ओळींनी झोप उडाली: अपेंडिक्स फुगलेलं, बाहेरून रुंदी २२ मिमी, आत थरांवर थर, म्युकोसीलची शक्यता. यकृताखाली आणि ओटीपोटात थोडा दाट द्रव. कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढायचा) करावा.

मामांना ना ताप, ना पोटदुखी. परवापर्यंत कटाईच्या गाडीशेजारी उभे राहून घड मोजत होते. सर्जन म्हणतात, सोमवारी भरती व्हा, दुर्बिणीने हर्निया आणि अपेंडिक्स एकाच भुलीत उरकून टाकू, सीटीचा खर्च कशाला. घरात दोन पार्ट्या पडल्यात. मामी म्हणते उरकून टाका, माल निघायचे दिवस आहेत. मी नेटवर ‘स्युडोमिक्सोमा पेरिटोनी’ वाचून बसलोय आणि कुणाला काही सांगता येत नाहीये. कुणी जाणकार आहे का इथे?

तापीकाठ

वाचतोय. इथे एक रेडिओलॉजिस्ट आहेत, येतील बघा.

खान्देशी_ठसका

भाऊ, काय घाबरी राहिना? बठ्ठं नीट व्हई जाई. पण सोमवारनी घाई करू नको.

काळीपांढरी_फिल्म

मी रेडिओलॉजिस्ट. मूळ अमळनेरचा, सध्या नाशिकला. मामांच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत, तेव्हा हे सल्ला म्हणून न घेता माहिती म्हणून घ्या. पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो: हर्निया थांबू शकतो. सीटी आधी.

निरोगी अपेंडिक्स साधारण ६ मिमीच्या आत असतं. सूज आली की वाढतं, पण मग रुग्ण पोट धरून येतो. ताप नाही, दुखणं नाही आणि रुंदी १५ मिमीच्या पुढे, असं दिसलं की आमचं लक्ष म्युकोसीलकडे जातं. हे आजाराचं नाव नव्हे, नुसतं वर्णन आहे: अपेंडिक्समध्ये चिकट स्राव साठून ते फुगलंय. रोकिटान्स्कीने १८४२ साली त्याची नोंद केली, म्हणजे गोष्ट जुनी. तोंड बंद झाल्यामुळे नुसता स्राव साठला असेल तर फुगवटा बहुधा २ सेंमीच्या आत राहतो. त्याच्या पुढे गाठ धरूनच चालायचं, नाही निघाली तर आनंदच.

या गाठींत सगळ्यात जास्त भेटते ती कमी आक्रमक म्युसिनस गाठ, रिपोर्टात एलएएमएन असं लिहितात. लिम्फ नोडमध्ये किंवा यकृताच्या आत घुसणं हा तिचा स्वभाव नाही. अपेंडिक्स झिरपलं की जेली आणि तिच्यातल्या पेशी पोटाच्या पोकळीत सुटतात, तिच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे पडद्यावर, बसतात आणि तिथे आणखी जेली तयार करत राहतात. तुम्ही नेटवर वाचलं ते हेच.

आता दुर्बिणीबद्दल. दुर्बिणीने काढणं मुळात चूक नाही, सरावलेल्या हाताने ते होतं. पण फुगलेलं अपेंडिक्स चिमट्यात धरताना फुटलं, तर जे आत होतं ते आपण स्वतःच पोटभर पसरवलं. आणि जेली आधीच बाहेर आली असेल तर ऑपरेशनच निराळं लागतं. ते सोमवारी अर्ध्या तासात होणारं नाही.

हर्नियाही या आजारापासून वेगळा असेलच असं नाही. पुरुषांत हा रोग कित्येकदा हर्नियाच्या टेबलावरच कळतो, पिशवी उघडली की जेली. बायकांत तो अंडाशयाची गाठ म्हणून येतो.

सावद्याचा_भाचा

डॉक्टरसाहेब, हात जोडतो. मामी अजून ऐकत नाहीये, पण मामा स्वतः म्हणाले, सीटी करून घेऊ. सीटीत नक्की काय बघतात?

काळीपांढरी_फिल्म

आधी अपेंडिक्स. भिंतीत कॅल्शियमची बारीक कमानदार रेघ दिसली तर म्युकोसीलची खात्री वाढते, पण निम्म्याहून अधिक रुग्णांत ती नसतेच, म्हणून नाही दिसली तर हुरळून जायचं नाही. भिंत एकीकडे जाड, खडबडीत, आत मांसल गोळा, असं असेल तर जास्त आक्रमक गाठीची शंका.

मग जेली कुठे कुठे गेलीय. मला यातलं हेच सगळ्यात रंजक वाटतं. पोटाच्या पोकळीत थोडा द्रव सतत फिरत असतो. गुरुत्वाने तो ओटीपोटात उतरतो, तिथून मोठ्या आतड्याच्या उजव्या कडेने वर चढतो आणि छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या उजव्या बाजूखाली, यकृताच्या वर पोचतो. तिथल्या बारीक लसवाहिन्या तो शोषून घेतात. चरबीचा पडदा, ओमेंटम, हाही गाळणीचं काम करतो. या गाठीच्या पेशींना धरून बसायची ताकद कमी, त्यामुळे त्या द्रवाबरोबर वाहत जातात आणि द्रव जिथे मुरतो किंवा साचतो तिथे अडकतात. म्हणून ओटीपोट, उजवी कड, यकृताची वरची बाजू आणि ओमेंटम इथे जेली ढीगभर, आणि सतत हलणारं लहान आतडं बराच काळ स्वच्छ. आतडं जिथे हलत नाही तिथे मात्र ती बसते: जठराचं खालचं टोक, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा, गुदाशयाच्या वरचा भाग.

सीटीवर ही जेली पाण्यापेक्षा किंचित दाट दिसते, मधून बारीक पडदे. एकट्या घनतेवर गेलं तर ‘पोटात पाणी’ म्हणून निसटते. पकडून देते ती यकृताची कड. साधं पाणी यकृताभोवती गुळगुळीत बसतं. जेली दाबते, आणि यकृताची, प्लीहेची बाहेरची रेघ करंजीच्या कडेसारखी खाचाखाचांची दिसते. आम्ही याला स्कॅलपिंग म्हणतो. यकृताच्या आत काही नसतं, फक्त कड दबलेली. हे एकदा डोळ्यात बसलं की पुन्हा चुकत नाही.

सोनोग्राफीवाल्याने ‘दाट द्रव’ लिहिलंय, शाबास त्याची. साधं पाणी असेल तर आतडी त्यावर तरंगतात आणि कूस बदलली की पाणी हलतं. जेली हलत नाही, आतडी मध्ये आणि मागे ढकलते.

गावगाडा

आमच्या शेजारी एकाला अपेंडिक्स होतं. वैद्याच्या काढ्याने आणि एरंडेलाने गेलं. ऑपरेशन, सीटी सगळा धंदा आहे.

काळीपांढरी_फिल्म

@गावगाडा, तापाचं अपेंडिक्स कधीकधी आपोआपही शमतं, काढ्याला श्रेय मिळतं. इथे विषय गाठीचा आहे. २२ मिमी फुगलेल्या अपेंडिक्सवर एरंडेलाचा जुलाब कृपा करून कुणी देऊ नका.

साक्रीची_लेक

मावशीचं लिहू का नको, असं चाललं होतं. लिहिते.

मावशीचं पोट वाढत गेलं, हातपाय वाळत गेले. नऊवारीचा कासोटा बसेना. एका दवाखान्यात पोटातलं पाणी काढायला सुई घातली, सुईतून काही येईचना. डॉक्टर म्हणाले, पाणी कप्प्याकप्प्यात आहे, टीबी. रक्तात सीए-१२५ (गाठीचा अंदाज देणारी तपासणी) वाढलेलं, सीटीत ओमेंटम जाड. आमच्याकडे पोट फुगलं, वजन उतरलं की पहिलं नाव टीबीचंच. पूर्ण कोर्स झाला. पोट कमी होण्याऐवजी वाढलं. मग म्हणाले अंडाशयाचा कॅन्सर.

शेवटी जुन्याच सीटीची सीडी घेऊन माझा भाऊ दुसऱ्या एका रेडिओलॉजिस्टकडे गेला. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं: यकृताची ही कड बघा, आणि हे अपेंडिक्स बघा, पहिल्या रिपोर्टमध्ये अपेंडिक्सचा उल्लेखच नाही. मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं ते रात्रीच बाहेर आणलं. आज मावशी कळण्याच्या भाकरी थापते आणि आमच्यावर ओरडते. पण गेलेला काळ गेलाच ना. दवाखान्याचं नाव घेत नाही, त्यांनी मुद्दाम केलं असंही म्हणत नाही.

तापीकाठ

बापरे ताई. मावशींना नमस्कार सांगा.

काळीपांढरी_फिल्म

@साक्रीची_लेक, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण आपल्या भागात टीबी आणि जेली यांची गल्लत नेहमीची आहे. आणि खरं सांगायचं तर टीबी जास्त असल्यामुळे तो आधी आठवणं यात गैर काही नाही. गैर आहे ते पुरावा न मिळवता औषधं सुरू करून नंतर फिल्म पुन्हा न बघणं.

टीबीत पडदा बहुधा एकसारखा, गुळगुळीत जाड होतो. लिम्फ नोड सुजतात आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर त्यांचा गाभा काळा, कडा उजळ दिसतात. लहान-मोठ्या आतड्याचा सांधा जाड, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, आक्रसलेलं. जेलीच्या आजारात असे नोड नसतात आणि यकृताची कड दबलेली असते. सीए-१२५ दोन्हींत वाढतं, त्याच्यावर निवाडा करू नये. सुईतून काही न येणं ही खूणच होती: जेली बारीक सुईतून निघत नाही. अशा वेळी जाड सुईने, सोनोग्राफीखाली तुकडा घेऊन पॅथॉलॉजीला द्यायचा. टीबीची तपासणीही त्याच तुकड्यावर होते.

यंत्रामागचा_माणूस

सीटी टेक्निशियन, जळगाव. कामाचं तेवढं सांगतो.

सीटीला येताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा, नाहीतर कॉन्ट्रास्टसाठी परत पाठवतील आणि दिवस जाईल. आधी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या, दम लागला, असं काही झालं असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगा, किडनी चांगली असेल तर बहुतेकांना बंद करावी लागत नाही. पोटात प्यायला द्रव देतात, तो सगळा प्या. अर्धा ग्लास कोपऱ्यातल्या कुंडीत ओतणारे खूप बघितले. तो प्यायलात तर आतडं कुठलं आणि जेलीचा कप्पा कुठला हे सुटं दिसतं. सुई दिल्यावर अंगात गरम लाट येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, झालेली नसते. ७० सेकंदांच्या आसपास मुख्य फेरी घेतात, तेव्हा श्वास सांगितला तसा धरा. हलल्या फिल्मवर रेडिओलॉजिस्ट काय बघणार?

आणि सगळ्यात मुख्य, फिल्मच्या मोठ्या पिशवीवर समाधान मानू नका. त्यावर निवडक चौकटी असतात. मशीनमध्ये शेकडो चित्रं असतात, एक-दीड मिमीच्या पातळ चकत्यांची. डायकॉम सीडी (मशीनमधली मूळ चित्रं असलेली) किंवा पेनड्राइव्ह मागा, ‘पातळ स्लाइससकट द्या’ असं सांगून. काही दिवसांनी मागाल तर मशीनमधून उडालेलं असतं.

सावद्याचा_भाचा

सीटी झाला. जळगावलाच केला, सीडी घेतली, पातळ स्लाइससकट. मामांनी द्रव पूर्ण प्यायला, मी समोर उभा होतो.

रिपोर्ट: अपेंडिक्स २४ मिमी, भिंतीत कमानदार कॅल्सिफिकेशन, टोकाशी भिंत अस्पष्ट. उजव्या कडेला, यकृताभोवती आणि ओटीपोटात कमी घनतेचा द्रव, यकृताच्या उजव्या कडेला हलकं स्कॅलपिंग. उजव्या हर्नियाच्या पिशवीतही तसाच द्रव. ओमेंटम किंचित धूसर. लहान आतडं ठीक. लिम्फ नोड नाहीत. शेवटी लिहिलंय, ‘पडद्यावर निश्चित गाठी नाहीत’.

म्हणजे पसरलेलं नाही, असंच ना?

काळीपांढरी_फिल्म

नाही हो. तसा अर्थ काढू नका. कॅल्शियमवालं फुगलेलं अपेंडिक्स, टोकाशी भिंत तुटक, आणि यकृताची कड दबवणारा द्रव, हे एकत्र असेल तर तो द्रव म्हणजेच पसरलेला आजार, असं मानून पुढे जायचं. पडद्यावर वेगळ्या गाठी दिसायलाच पाहिजेत असं नाही. शेवटची ओळ आणि वरचं वर्णन एकमेकांशी जुळत नाही, ते रिपोर्ट देणाऱ्याला फोन करून विचारायला हरकत नाही. आम्हाला राग येत नाही. येऊ नये तरी.

सीटीची मर्यादाही सांगतो. मोठा ढीग सीटी छान दाखवतो. एक सेंमीच्या खालच्या गाठी, त्यातही लहान आतड्याच्या पृष्ठभागावरच्या आणि त्याच्या मुळाशी असलेल्या, बऱ्याच निसटतात. म्हणून सर्जन पोट उघडतात तेव्हा बहुतेकदा सीटीपेक्षा जास्तच सापडतं.

मोजायची रीत अशी: वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर या सर्जनने रूढ केलेला पेरिटोनियल कॅन्सर इंडेक्स. पोटाचे ९ आणि लहान आतड्याचे ४, असे १३ भाग. प्रत्येकाला ० ते ३ गुण: काही नाही तर ०, अर्ध्या सेंमीपर्यंत १, ५ सेंमीपर्यंत २, त्याहून मोठी किंवा एकमेकींत मिसळलेली गाठ असेल तर ३. कमाल ३९. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पडद्यावर पसरला असेल तर २०च्या पुढे सहसा मोठं ऑपरेशन करत नाहीत. अपेंडिक्सच्या कमी आक्रमक जेलीत मात्र आकडा मोठा असला तरी दार बंद होत नाही. तिथे खरा प्रश्न लहान आतडं किती वाचवता येईल हा. मामांचं लहान आतडं सीटीत ठीक दिसतंय. या रिपोर्टमधली मला सगळ्यात आवडलेली ओळ तीच.

धुळ्याचा_सर्जन

सहमत, फक्त एक भर. एमआरआय करून घ्या की. आणि पेट-सीटी नको का?

काळीपांढरी_फिल्म

एमआरआयला माझा पाठिंबा, पण जिथे पडद्याचा एमआरआय नेहमी करतात तिथेच. डिफ्यूजन नावाची खास चित्रं आणि गॅडोलिनियम या एमआरआयच्या कॉन्ट्रास्टनंतर उशिराने घेतलेली चित्रं, आतड्याची हालचाल थांबवायचं इंजेक्शन देऊन, हे सगळं जमलं तर लहान आतड्यावरचे बारीक थर सीटीपेक्षा चांगले दिसतात. नुसता ‘पोटाचा एमआरआय’ लिहून दिला तर मणक्याच्या रांगेत घुसवून वीस मिनिटांत उरकतात, त्याला अर्थ नाही.

पेटला मात्र नाही म्हणेन. साखर जास्त उचलणाऱ्या पेशी त्यात उजळतात. जेलीत पेशी थोड्या आणि संथ, त्या साखर फारशी उचलत नाहीत. पेटमध्ये काही उजळलं नाही म्हणून नाचलेले नातेवाईक पाहिलेत. आक्रमक प्रकारात त्याचा उपयोग आहे, इथे पैसे वाचवा.

धुळ्याचा_सर्जन

पटलं. बाकी वाचकांसाठी: अपेंडिक्सच्या सगळ्याच गाठी जेलीवाल्या नसतात. टोकाशी असणारी न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींची) गाठ बहुतेकदा अपेंडिक्स काढल्यावर पॅथॉलॉजीतच कळते. १ सेंमीच्या आत असेल तर अपेंडिक्स काढलं तेवढं पुरतं, २ सेंमीच्या पुढे मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढावा लागतो, मधल्यांवर आमच्यात वाद चालतात. तिच्यासाठी गॅलियम डोटाटेट नावाचं वेगळं पेट आहे. गॉब्लेट सेल नावाची तिसरी जात सगळ्यात लबाड: गोळा करतच नाही, भिंतीतून सरपटते, सीटीत साध्या सुजेसारखी दिसते.

आणि चाळिशीपुढच्यांनी हे लक्षात घ्यावं. अपेंडिक्सभोवती पू होऊन औषधांवर शमलेल्या रुग्णांवर फिनलंडमध्ये अभ्यास चालू होता, अपेंडिक्स नंतर काढावं की नुसतं लक्ष ठेवावं असा. सुमारे २० टक्क्यांत गाठ निघाली, सगळे चाळिशीपुढचे, आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१९ला प्रसिद्ध झाला. तेव्हा ‘औषधाने बरं झालं’ म्हणून या वयात विषय संपवू नका. माझ्याकडच्या अशा रुग्णांना मी पुन्हा बोलावतो, निम्मे येत नाहीत.

खान्देशी_ठसका

ऑड्री हेपबर्न गेली ती यातच ना?

धुळ्याचा_सर्जन

हो, १९९३ला. अपेंडिक्समधून सुरू होऊन पोटात पसरलेला कॅन्सर.

सावद्याचा_भाचा

अपडेट. इथल्या सर्जनना रिपोर्ट दाखवला. माणूस मोठ्या मनाचा निघाला, म्हणाले हे माझ्या टेबलावरचं काम नाही, टाटाला चिठ्ठी देतो. मामीला मीच समजावलं. तिने एकच विचारलं, जगतील ना? काय उत्तर देऊ?

काळीपांढरी_फिल्म

प्रकार पॅथॉलॉजी सांगेल, त्याआधी कुणी छातीठोक बोलू नये. पण मामींना खोटा धीर द्यावा लागेल असंही नाही. २०१२ला १६ केंद्रांतल्या २,२९८ रुग्णांचा एकत्र अभ्यास आला: अपेंडिक्सची जेली पूर्ण साफ करून पोटात गरम केमोथेरपी, म्हणजे हायपेक, अशी पद्धत. १० वर्षांनी ६३ टक्के हयात. पोट पूर्ण साफ झालं आणि प्रकार कमी आक्रमक असला तर निकाल चांगला, आक्रमक पेशी निघाल्या तर तितका नाही. ऑपरेशन मात्र दमवणारं आहे, आणि नंतरही वर्षानुवर्षं सीटी आणि रक्ततपासणी चालू राहते, ते आत्ताच सांगून ठेवा.

सीईए, सीए १९-९ आणि सीए-१२५ या गाठीच्या रक्ततपासण्या ऑपरेशनआधी करून घ्या. नंतर आकडे वाढले की घटले हे कशाशी ताडायचं ते त्यावरून ठरतं.

साक्रीची_लेक

टाटाला पहाटेच रांग लागते. भुसावळहून रात्रीची गाडी धरा म्हणजे सकाळी नोंदणीला पोचता. जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन नोंदी असतात, आधी ठरवून जा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रत न्या. सोनोग्राफीचा पहिला रिपोर्टही न्या, आमच्याकडून तो मागितला होता.

यंत्रामागचा_माणूस

सीडी लॅपटॉपवर एकदा उघडून बघा मुंबईला जाण्याआधी. रिकामी निघालेली पाहिली आहे. शंका असेल तर सेंटरला येऊन दुसरी करून घ्या, त्याचे पैसे घेत नाही कुणी. निदान आम्ही घेत नाही.

सावद्याचा_भाचा

सीडी उघडली, सगळं आहे. आठशेच्या वर चित्रं आहेत. यकृताची ती कड मलाही दिसली. तारीख मिळालीय. शेवटचा प्रश्न: मामांची दोन मुलं आणि माझी आई घाबरलेत, सगळे सोनोग्राफी करायला निघालेत. करावी का?

काळीपांढरी_फिल्म

नको. घराण्यात चालत येणारा हा आजार सहसा नाही, लक्षणं नसताना सगळ्या घराने रांगेत उभं राहायचं कारण नाही. तो पैसा मामांच्या प्रवासाला ठेवा.

मामांची कोलोनोस्कोपी मात्र राहिलीय. अपेंडिक्सच्या गाठीबरोबर मोठ्या आतड्यात दुसरी गाठ असू शकते, म्हणून टाटालाही ती मागतीलच. तारखेआधी जळगावला होत असेल तर उरकून घ्या. पोट साफ करायचं औषध डॉक्टरांना सीटी दाखवूनच घ्यायचं, आणि अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो रिपोर्टला जोडून मागा. तिथून कधीकधी जेली बाहेर येताना दिसते.